डागांची निगा

आमच्या साडूंइतकं घाणीवर मनापासून प्रेम करणारा माणूस मीरा-भाईंदरमध्येच काय, खाडीपलीकडेही सापडायचा नाही. घाण म्हणजे कचरा नव्हे; कचऱ्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. त्यांचं प्रेम आहे ते डागांवर, ओरखड्यांवर, भिंतीच्या पोपड्यांवर, गंजावर, हात लागून लागून काळ्या पडलेल्या दाराच्या कडेवर आणि जिन्याच्या कोपऱ्यातल्या पानाच्या पिंकांवर. आणि असा हा माणूस लग्न करून बसला तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीशी, जी बाई गॅसचा सिलिंडर आला की आधी त्याला दारात आंघोळ घालते आणि मगच स्वयंपाकघरात घेते. ताई फडकं घेऊन पुसत येते आणि साडू तिच्या पुढेपुढे पळत, ती पुसणार त्या जागेचे फोटो काढत जातात, असा त्यांचा संसार गोडदेवमधल्या एका जुन्या इमारतीत अनेक वर्षं अगदी सुखाने चालला होता.

साडूंचा धंदाच तसा आहे. सिनेमात आणि गेममध्ये कॉम्प्युटरवर बनवलेल्या ज्या वस्तू दिसतात, त्यांच्यावर वरचा पापुद्रा चढवायचं काम ते करतात. म्हणजे दुसरा कुणीतरी घागर बनवतो, रिक्षा बनवतो, राजवाडा बनवतो. पण ते सगळं साच्यातून काढलेल्या प्लास्टिकच्या खेळण्यासारखं गुळगुळीत असतं. मग ते साडूंकडे येतं. साडू त्या घागरीला पोचे पाडतात, रिक्षाच्या हुडाला ठिगळ लावतात, राजवाड्याच्या भिंतीला ओल आणतात. हे सगळं चित्रांनी होतं. एक चित्र रंग सांगतं, दुसरं कुठे उंच आणि कुठे खोलगट ते सांगतं, तिसरं कुठे चकाकायचं आणि कुठे मंद राहायचं ते सांगतं. ही चित्रं त्या गुळगुळीत वस्तूवर कापडासारखी बसवली, की ती जुनी, वापरलेली, कुणाच्या तरी घरातली वाटते. मला हे कळायला बराच काळ गेला. तोवर मी सगळ्यांना, “साडू रंगकाम करतात,” असं बिनदिक्कत सांगत असे. त्यामुळे एकदा आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिना रंगवायचं एस्टिमेट मागितलं आणि मी, “घरचेच आहेत हो, आज बोलावतो,” म्हणून साडूंना बोलावलंही. साडू आले, तळमजल्यापासून गच्चीपर्यंत भिंतीवरून बोटं फिरवत गेले, आणि खाली येऊन सेक्रेटरींचा हात हातात घेऊन म्हणाले, “याला कुणाला हात लावू देऊ नका.”

आता कापडासारखी बसवायची म्हणजे नेमकी कशी, हे मी एकदा विचारून बसलो. दिवाळीचा पाडवा होता, जेवणं झाली होती, मला झोप येत होती. म्हणजे प्रश्न निव्वळ सौजन्याचा होता. पण साडूंच्या डोळ्यांत चमक आली. ते आत गेले, ताईचा एक ब्लाउज घेऊन आले, आणि ब्लेडने त्याच्या शिवणी उसवायला लागले. “हे बघा, ही झाली वस्तू. आता ही सपाट करायची. ही बाही सुटली, ही पाठ सुटली. आता या सपाट तुकड्यांवर मी चित्र काढणार आणि पुन्हा शिवणार. सगळी मेख शिवणीत आहे. शिवण दिसली की मेलो!” मी माना डोलावत होतो. मला खरोखरच समजत होतं. इतकं, की उत्साहाच्या भरात दुसरी बाही मीच उसवली. तेवढ्यात ताई बाहेर आली. तो ब्लाउज दुसऱ्या दिवशीच्या भाऊबिजेसाठी शिवून आणलेला होता. शिवण दिसली की मेलो म्हणजे काय, ते मला त्या दिवशी पूर्ण कळलं.

ढगाळ हवा पाहून हरखणारा तेवढाच एक माणूस मला माहीत आहे. ऊन असलं की पोपड्यांच्या बारीक बारीक सावल्या पडतात आणि त्या फोटोत येतात. साडूंना त्या नको असतात, कारण कॉम्प्युटरच्या आतला सूर्य निराळा आणि त्याच्या सावल्या निराळ्या. म्हणून ऊन असेल त्या दिवशी त्यांना छत्री धरणारा माणूस लागतो. तो मी. पालीच्या कोळीवाड्यात, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या एका होडीवर साडूंचा जीव जडला होता. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली लाल, आणि प्रत्येक रंग आपापल्या परीने सोलत चाललेला. भर उन्हात मी होडीवर छत्री धरून उभा आणि साडू तिच्या पोटाशी कॅमेरा लावून ओणवे, असा देखावा पाहून होडीची मालकीण घरातून तरातरा आली.

“काय करतंस रं? होरी इकाची न्हाय हाय!”

“होडी नकोय मावशी,” साडू ओणव्यानेच म्हणाले, “उडालेला रंग तेवढा पाहिजे.”

“उडाला तो उडाला. आता तो कसा नेशील?” मग माझ्याकडे वळून, “आनि ह्यो कोन? होरीला ऊन लागतंय म्हून छत्री धरलीय काय?”

मी तिला शास्त्रीय कारण सांगायला गेलो, की आम्हाला सावली नको आहे म्हणून आम्ही सावली करतो आहोत. तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि आतून पाणी आणून दिलं. उन्हाने माझं डोकं फिरलं असावं, असा तिचा समज झाला असणार. पाणी पिताना माझी छत्री कलली आणि साडू ओरडले. साडू सांगतात, की कुठल्याशा परदेशी सिनेमात एक भलंमोठं जहाज आहे आणि त्याच्या बुडाजवळ माझ्या छत्रीच्या काडीची सावली अजून आहे. ती त्यांच्याच्याने पुसून निघाली नाही. चित्रपटसृष्टीला माझं योगदान एवढंच.

माणसांशी बोलतानाही साडूंचं लक्ष बोलण्यापेक्षा कातडीवर असतं. एका रिसेप्शनमध्ये त्यांनी नवऱ्या मुलाच्या काकांना मनापासून सांगितलं, “तुमचं टक्कल फार छान आहे. चकाकी सगळीकडे सारखी नाही.” काकांनी आइस्क्रीमची वाटी खाली ठेवली. साडूंच्या दृष्टीने ती कमाल स्तुती होती. सगळीकडे सारखं चकाकतं ते खोटं. माझ्या स्कूटरच्या मागच्या मडगार्डवरचा गंजही ते दर भेटीत मायेने पाहायचे. “अजून पिकू दे,” म्हणायचे. मी दसऱ्याला स्कूटर रंगवून घेतली आणि मोठ्या हौसेने त्यांना दाखवायला नेली, तर ते घरात निघून गेले. ताई बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाली, “आज नका बोलू त्यांच्याशी. त्यांना लागलंय.”

त्यांच्या घरात तिसरं माणूस म्हणजे साडूंची आई. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणतो. आणि चौथं माणूस म्हणजे एक डाग. साडूंचे वडील, अण्णा, निवृत्त झाल्यापासून बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर बसून, डोकं मागे भिंतीला टेकून पेपर वाचायचे. डोक्याला मावशींनी घरी केलेलं माक्याचं तेल. त्या तेलाचा भिंतीवर डोक्याएवढा एक तपकिरी, गोलसर, मधे गडद आणि कडेला फिकट होत गेलेला डाग पडला होता. अण्णा होते तोवर मावशी त्या डागाशी भांडत आल्या. “मागे टॉवेल घ्या, टॉवेल घ्या,” असं म्हणत टॉवेल घेऊन त्या अण्णांच्या मागे असायच्या, आणि टॉवेल खाली घसरलेला असायचा. सोड्याने घासून झालं, लिंबाने घासून झालं. अण्णा गेले, आणि त्यानंतर घराला रंग काढला तेव्हा ब्रश घेऊन आलेल्या रंगाऱ्याला मावशी एवढंच म्हणाल्या, “तेवढं राहू दे.” ताईनेही त्या जागेला कधी फडकं लावलं नाही. ज्या घरात सिलिंडरला आंघोळ होते, त्या घरात तो डाग तसाच राहिला.

मग ती इमारत धोकादायक ठरली. रिकामी करा, पाडून नवी बांधायची आहे, असं ठरलं, आणि साडू बिऱ्हाड घेऊन मीरा रोडच्या एका नव्या टॉवरमध्ये भाड्याने राहायला गेले. तिथल्या भिंतींना इतकी पुट्टी आणि इतका पांढरा रंग, की साडू पहिल्या दिवशी भिंतीवरून बोट फिरवून म्हणाले, “या भिंती अजून माझ्यासारख्या कुणाकडे आलेल्याच नाहीत.” ते त्यांच्या धंद्याचं बोलणं होतं, मावशींचं तसं नव्हतं. त्या खोलीच्या मधोमध खुर्ची घेऊन बसायला लागल्या. पाठ कशालाच टेकायची नाही. दिवाण होता, पण त्यावर बसेनात. रोज सकाळी उठून साड्यांची घडी करून बॅगेत भरायच्या आणि संध्याकाळी विचारायच्या, “कधी निघायचं रे घरी?” जेवण अर्ध्या पोळीवर आलं. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, तब्येतीत तसं काही नाही. ताई माझ्या बायकोला फोनवर सांगायची, “बांगड्या हातातून गळतात गं आता. मी एकेक करून काढून ठेवते, त्यांना कळू न देता.” आणि ज्यांचं घर पाडायला घेतलंय त्यांना घरी कसं नेणार?

साडू एके दिवशी मला म्हणाले, “आईला ती भिंत देतो.” घर सोडायच्या दिवशी, सगळं सामान खाली गेल्यावर त्यांनी त्या डागाचे फोटो काढून ठेवले होते. खिडक्यांना चादरी लावून, सावली येऊ न देता. आता ते कामावरून येऊन त्या चित्रावर काम करत बसायला लागले. शेवटी एक चौकोन तयार झाला. मधे डाग, आजूबाजूला गोडदेवच्या भिंतीचा तोच जुना पिवळट रंग. तो खऱ्या आकारात छापायचा, मीरा रोडच्या भिंतीवर दिवाणाच्या वर मधोमध चिकटवायचा आणि उरलेल्या भिंतीला तसाच पिवळट रंग काढायचा, असा बेत. कामाची घाई चालू होती, म्हणून छापण्याची आणि चिकटवून घेण्याची जबाबदारी त्यांनी माझ्यावर टाकली. माझ्यावर. ज्याच्या हातून छत्रीसुद्धा सरळ राहत नाही, त्याच्यावर.

केबिन रोडवर एका बॅनरवाल्याकडे मी पेन ड्राइव्ह घेऊन गेलो. त्याने फाइल उघडली आणि भुवया उंचावल्या.

“अंकल, ये तो दाग है.”

“हाँ, वही तो चाहिए,” मी साडूंच्या थाटात म्हणालो.

“दीवार का साइज?”

मी सगळ्या भिंतीचं माप सांगितलं. मापं घेताना मी ती सगळी घेतली होती, आणि घेतलेली गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

“दीवार बडी है, डिझाइन छोटा है,” तो म्हणाला. मग त्याने काहीतरी करून पाहिलं आणि खूश झाला. “अरे वा! किनारा एकदम मिल रहा है. क्या फाइल बनाया है! एक लाइन में पूरा भर दूँ?”

साडूंच्या कामाची तारीफ ऐकून माझा ऊर भरून आला. “भर दो,” मी म्हणालो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गेममध्ये मैलभर लांबीची तटबंदी असली, तरी साडू मैलभर चित्र काढत नाहीत. ते एक चौकोन असा करतात, की त्याची उजवी कड डाव्या कडेशी आणि वरची खालच्या कडेशी बेमालूम जुळते. मग तो फरशीसारखा शेजारी शेजारी कितीही लावा, सांधा दिसत नाही. ही त्यांच्या हाताची इतक्या वर्षांची सवय. अण्णांच्या डागाचा चौकोन करतानाही, कुणी सांगितलेलं नसताना, त्यांच्या हाताने कडा जुळवून ठेवल्या होत्या.

चिकटवायला माणसं आली त्या दिवशी ताई आणि साडू मावशींना घेऊन देवळात गेले होते. आल्यावर त्यांना एकदम भिंत दिसावी, ही कल्पना माझीच. मी खुर्चीत बसून, चहा पीत देखरेख केली. एक पट्टी लागली, दुसरी लागली. मला मधेच वाटलं, की डाग पुन्हा आला. पण मी म्हटलं, डिझाइन असेल. यातलं आपल्याला काय कळतं? काम संपलं, माणसं गेली, आणि मी दारापासून पाहिलं तर भिंतीवर, दिवाणाच्या एका टोकापासून खिडकीपर्यंत, एका रांगेत, समान अंतरावर चार अण्णा डोकं टेकून बसून गेले होते.

तेवढ्यात बेल वाजली.

साडू आधी आत आले. भिंतीकडे पाहून जागच्या जागी थांबले. जगात कुठलाही डाग दोनदा पडत नाही, एकाच भिंतीवर तोच डाग पुन्हा दिसला की आपलं काम मातीमोल, असं आयुष्यभर म्हणत आलेला हा माणूस. आणि स्वतःच्या बापाच्या डागाचं हे झालेलं. “कडा मी का जुळवल्या?” ते स्वतःशीच म्हणाले. “कुणी सांगितलं होतं जुळवायला?” ताईने माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथे लिहीत नाही. तिच्या मागून मावशी आल्या. कुणाला त्यांना अडवायचं सुचलं नाही.

मावशींनी पहिल्या डागाकडे पाहिलं. मग दुसऱ्याकडे. मग मान वळवत वळवत खिडकीपर्यंत गेल्या आणि परत पहिल्यापाशी आल्या.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या, “हे किती झाले?”

“आई, चूक झाली गं. आत्ता काढतो सगळं. तू आत जा.”

“थांब रे.” त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला. “एकाच्या मागे टॉवेल धरून माझा जन्म गेला. आता चौघांच्या मागे कोण धावणार? तू?”

आणि त्या हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला. “हा बघ, हा पेपर वाचतोय. ह्याला चहा पाहिजे, मघाशीच झालाय तरी. तो पलीकडचा झोपलाय, आणि विचारलं तर म्हणेल, जागाच आहे मी!” ताईला हसू फुटलं, मला फुटलं, शेवटी साडूंनाही. त्या घरात राहायला आल्यापासून त्या टॉवरने मावशींचं हसणं ऐकलं नव्हतं. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. त्या भिंतीजवळ गेल्या आणि एका डागावर तळवा ठेवला.

“गार आहे रे. आणि गुळगुळीत.”

“उंचसखलपणा छापता येत नाही, आई,” साडू म्हणाले.

“असू दे. तुझे अण्णाही काही फार खडबडीत नव्हते.”

मग त्यांनी नेहमीच्या आवाजात फर्मान काढलं. “तिघांना काढा. तो खिडकीजवळचा राहू दे, त्यांना वारा लागायचा. आणि दिवाण तिकडे सरकवा.” दिवाण मी आणि साडूंनी सरकवला. पायाखाली नवी फरशी खरवडली गेली. साडूंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. “ताटं घ्या गं,” मावशी ताईला म्हणाल्या, “मला भूक लागलीय.” त्या दुपारी त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या आणि तिसरी मागून अर्धी टाकली. ती टाकलेली अर्धी ताईने प्रसादासारखी खाल्ली.

साड्या बॅगेतून कपाटात गेल्या. मावशी आता खिडकीजवळच्या दिवाणावर बसतात. अण्णांचा पेपर त्यांनी पुन्हा सुरू केलाय. आधी श्रद्धांजली वाचतात, मग हवामान, आणि मग सगळ्या जगाची अक्कल काढतात. माझ्याशी त्या विशेष प्रेमाने वागतात. “याच्यामुळे मला चार नवरे झाले,” अशी माझी ओळख त्यांनी साऱ्या मजल्याला करून दिली आहे, आणि लिफ्टमध्ये गुजराती बायका माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावतात.

परवा गेलो होतो. बाहेर ढग भरून आले होते, उजेड अगदी साडूंना हवा तसा एकसारखा पसरलेला. मावशी आत काहीतरी शोधत होत्या. साडूंनी मला हाताला धरून दिवाणापाशी नेलं आणि बोट दाखवलं. अण्णांच्या छापलेल्या डागाच्या जरा खाली, मावशी अण्णांहून बुटक्या आहेत ना, तिथे कागद रुपयाएवढ्या जागेत किंचित गडद झाला होता. वाकून, कडेने पाहिलं तरच दिसेल इतपत. नाक जवळ नेलं तर माक्याचा वास.

“कॅमेरा आणू का?” मी विचारलं. आवाज आपोआप खाली आला होता.

“नको,” साडू म्हणाले. “अजून होतोय.”

मावशी चष्मा घेऊन बाहेर आल्या, दिवाणावर बसल्या, पेपर उघडला आणि डोकं मागे टेकवलं. आम्ही दोघे त्यांच्या उजेडातून बाजूला झालो.